निर्णयाचा अधिकार आणि नेतृत्वाची घडण : बनारसच्या विणकर व्यवसायाचा अभ्यास

वाराणसीतील मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा किंवा बजरडीहा या वस्त्यांमधून जाताना घरांच्या तळमजल्यावर जमिनीत खड्डा करून बसवलेले माग दृष्टीस पडतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हातांनी धोटा फेकतो. ‘कढुआ’ पद्धतीच्या साडीत प्रत्येक बुट्टीसाठी स्वतंत्र लहान कांडी लागते, त्यामुळे कापडाच्या मागील बाजूस सुटे धागे उरत नाहीत. ‘फेकुआ’ पद्धतीत जरीचा धागा कापडाच्या पूर्ण रुंदीतून फेकला जातो. दोन्ही पद्धतींत हजारो ताण्यांचा आणि नक्षीच्या प्रत्येक ओळीचा क्रम विणकराला सांभाळावा लागतो. एका भारी कढुआ साडीला अनेक आठवडे, कधी काही महिने लागतात. एवढी एकाग्रता, स्मरणशक्ती आणि चिकाटी ज्या व्यक्तीच्या ठायी आहे, ती व्यक्ती दहा मागांचा छोटा व्यवसाय सहज चालवू शकेल, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य विणकर आयुष्यभर दुसऱ्याच्या मागणीवर, दुसऱ्याने दिलेल्या सुतावर आणि दुसऱ्याने ठरवलेल्या मजुरीवर काम करतात.

या व्यवसायासाठी शासनाने केलेल्या उपाययोजनांची यादी लहान नाही. वाराणसीत १९५६ साली भारतीय हातमाग तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. ‘बनारस ब्रोकेड व साडी’ यांना २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर व आझमगढ या सहा जिल्ह्यांतील उत्पादनाला कायदेशीर संरक्षण लाभले. बडा लालपूर येथील दीनदयाळ हस्तकला संकुल २०१७ मध्ये खुले झाले. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ मध्ये ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजना जाहीर केली, तेव्हा वाराणसीसाठी बनारसी रेशमी साडीचीच निवड झाली. माग, सूत, कर्ज, इमारत आणि कायदा या पाचही बाबींकडे अशा रीतीने लक्ष दिले गेले. मात्र या साधनांचा उपयोग करून व्यवसायाचे नेतृत्व करणारी व्यक्ती कशी घडते, या प्रश्नाचा विचार त्या तुलनेत फार कमी झाला आहे. व्यक्तिमत्त्व विकास हा शब्द शहरी व्यवस्थापन वर्गांपुरता आणि स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीपुरता उरला, हे त्याचे एक कारण असावे.

गद्दी, गिरहस्त आणि कारागीर

बनारसच्या व्यवसायाची रचना तीन पायऱ्यांची आहे. सर्वांत वर गद्दीदार किंवा कोठीदार असतो. कुंजगली, चौक आणि गोलघर या भागांत त्याची पेढी असते आणि देशभरातील व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध असतो. मधल्या पायरीवर गिरहस्त असतो. हा शब्द ‘गृहस्थ’ या शब्दाचेच बोलीरूप आहे. गिरहस्ताकडे स्वतःचे माग असतात किंवा तो इतरांच्या घरातील मागांवर काम देतो. रेशीम, जर आणि नक्षी तोच पुरवतो. शेवटच्या पायरीवरील कारागिराला प्रत्येक नगामागे ठरलेली मजुरी मिळते. तिला तेथे ‘बानी’ म्हणतात. स्वतःच्या पैशाने सूत घेऊन विणणाऱ्या विणकरासाठी सट्टीचा बाजार आहे. संध्याकाळच्या सुमारास साडी घेऊन तेथे जावे, अडत्यामार्फत व्यापाऱ्याला दाखवावी आणि मिळेल तो भाव स्वीकारावा, अशी ही रीत. रोख पैसे मिळणे दुर्मीळ असते. पुढील तारखेचा धनादेश मिळतो, आणि विणीत दोष असल्याचे कारण दाखवून किमतीत कपातही होते. गिरणीसारखा एक मालक आणि एक कामगार असे सरळ नाते येथे नाही. एकच मनुष्य कधी मजूर, कधी छोटा उत्पादक आणि कधी दुसऱ्याचा मालक असतो.

या पायऱ्या अभेद्य आहेत असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मदनपुऱ्यातील काही अन्सारी विणकर घराण्यांनी स्वतःच्या गाद्या उभारल्या. मागावर बसलेला मनुष्य पेढीवर बसू शकतो याचा पुरावा त्याच गल्ल्यांत आहे. प्रश्न इतकाच की, हे थोड्यांनाच का साधले. भांडवल हे त्याचे सर्वपरिचित उत्तर आहे आणि ते चुकीचे नाही. परंतु कर्ज मिळालेल्या सर्वांचाच व्यवसाय वाढत नाही आणि कर्ज न मिळालेल्यांपैकी काहींचा वाढतो, हेही कोणत्याही बँकेच्या शाखाधिकाऱ्याला ठाऊक असते.

या संदर्भात इतिहास संशोधक नीता कुमार यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला बनारसच्या कारागिरांवरील ग्रंथ महत्त्वाचा आहे. विणकर आपल्या कामातील स्वातंत्र्याला किती मोठे मोल देतो, हे त्यांनी दाखवून दिले आहे. केव्हा मागावर बसावे, केव्हा उठावे, जत्रेला किंवा गंगेपलीकडे केव्हा जावे हे तो स्वतः ठरवतो, आणि या बाबतीत तो कारखान्यातील कामगारापेक्षा स्वतःला भाग्यवान समजतो. हे स्वातंत्र्य खोटे नाही. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक भेद करणे आवश्यक ठरते. वेळेवरचा ताबा आणि निर्णयावरचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काय विणायचे, कोणते सूत वापरायचे, कोणाला विकायचे, कोणत्या भावाला नकार द्यायचा, हे निर्णय कारागिराच्या हाती नसतात. ज्या क्षमतांचा वापर करण्याची वेळच येत नाही त्या क्षमता वाढत नाहीत. पंचवीस वर्षे माग चालवूनही विणकर व्यवसायाच्या बाबतीत पहिल्या वर्षीच्याच ठिकाणी राहतो, त्याचे मूळ येथे आहे.

एका साडीचा हिशेब

नेतृत्वाची पहिली पायरी स्वतःची आर्थिक स्थिती स्वच्छ पाहता येणे ही होय. एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट करता येईल. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका स्वतंत्र विणकराने ६,००० रुपयांचे रेशीम आणि जर उधारीवर घेऊन २४ दिवसांत एक साडी विणली. उधारीवर दरमहा ३ टक्के व्याज आहे. एक व्यापारी तीन महिन्यांनंतर वटणाऱ्या धनादेशाने १४,००० रुपये देऊ करतो; दुसरा रोख १२,००० रुपये देतो. बहुतेक विणकर पहिल्या व्यापाऱ्याकडे वळतात, कारण २,००० रुपयांचा फरक डोळ्यांना दिसतो. आता हिशेब मांडून पाहावा. पहिल्या व्यवहारात सुताच्या पैशावर विणकामाचा एक महिना आणि प्रतीक्षेचे तीन महिने, असे चार महिन्यांचे व्याज ७२० रुपये होते. मधल्या काळात घरखर्चासाठी ७,५०० रुपये त्याच दराने तीन महिन्यांकरिता घ्यावे लागले, तर त्याचे ६७५ रुपये होतात. सूत आणि दोन्ही व्याजे वजा जाता हाती ६,६०५ रुपये उरतात. रोख व्यवहारात एका महिन्याचे १८० रुपये व्याज जाऊन ५,८२० रुपये उरतात. म्हणजे दोन हजारांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात ७८५ रुपयांचा असतो. त्यात दोषाच्या नावाखाली १० टक्के कपात झाली, म्हणजे १,४०० रुपये कापले गेले, तर पहिल्या व्यवहारात ५,२०५ रुपयेच उरतात आणि तो रोखीपेक्षाही तोट्याचा ठरतो. कपातीची शक्यता किती, हे विणकराला त्या व्यापाऱ्याच्या पूर्वानुभवावरून माहीत असते. पण ती आठवण मनात असते, वहीत नसते. त्यामुळे निर्णयाच्या क्षणी ती उपयोगी पडत नाही.

हिशेब येथेच संपत नाही. २४ दिवस मागावर एकजण बसला, परंतु कांड्या भरणे, ताणा जुळवण्यास मदत करणे, मागील सुटे धागे कापणे यांत घरातील दुसऱ्या व्यक्तीचे आणखी १२ दिवस गेले असे धरावे. मग ५,८२० रुपये ही २४ दिवसांची नव्हे, ३६ दिवसांची मिळकत होते. रोज २४२ रुपये मिळतात असा समज होता, तेथे १६२ रुपयेच मिळत असल्याचे दिसते. हा आकडा समोर आला की विणकरापुढे नवे प्रश्न उभे राहतात. हीच नक्षी पुढेही विणावी काय? त्याऐवजी कमी दिवसांत होणारा दुपट्टा किंवा पोशाखाचे कापड परवडेल काय? सूत दोघा-तिघांनी मिळून आणले तर किती वाचेल? हे प्रश्न पडणे हीच उद्योजकतेची सुरुवात आहे. कीर्द-खतावणी ही केवळ कारकुनी बाब समजली जाते, पण स्वतःच्या श्रमाला किंमत आहे ही जाणीव ज्या रकान्यात प्रथम उमटते तो रकाना माणसात बदल घडवतो.

प्रशिक्षणाने माणूस बदलतो काय?

माणसाची वृत्ती प्रशिक्षणाने बदलू शकते काय, आणि त्या बदलाचा व्यवसायावर परिणाम होतो काय, हा प्रश्न भारतात साठ वर्षांपूर्वीच प्रत्यक्ष प्रयोगाने तपासला गेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील छोट्या व्यावसायिकांसाठी अल्प मुदतीचे वर्ग घेतले. त्यांत हिशेब किंवा यंत्रविद्या शिकवली गेली नाही. स्वतःचे उद्दिष्ट ठरवणे, झेपेल एवढाच धोका पत्करणे, यशापयशाची जबाबदारी नशिबावर न टाकणे आणि केलेल्या कामाचे परिणाम तपासत राहणे यांचा सराव करून घेण्यात आला. मॅक्लेलँड आणि डेव्हिड विंटर यांनी १९६९ साली त्याचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. प्रशिक्षित व्यावसायिकांनी नंतरच्या काळात अधिक गुंतवणूक केली, नवे उपक्रम सुरू केले आणि अधिक लोकांना काम दिले, असे त्यांना आढळले. याच अनुभवाच्या आधारावर पुढे देशातील उद्योजकता विकास कार्यक्रम उभे राहिले. अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था १९८३ मध्ये आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले.

काकिनाड्याच्या प्रयोगातील एक निष्कर्ष मात्र नंतरच्या चर्चेत काहीसा मागे पडला. प्रशिक्षणाचा परिणाम प्रामुख्याने अशाच व्यक्तींमध्ये दिसला, ज्यांच्या हाती आपल्या व्यवसायाचे निर्णय होते. वडील किंवा थोरले बंधू यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांनी तेच धडे घेतले, पण त्यांच्या व्यवसायात फारसा बदल झाला नाही. बनारसच्या विणकराच्या दृष्टीने हा निष्कर्ष निर्णायक महत्त्वाचा आहे.

अलीकडचा पुरावा पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशातून आला आहे. तेथे सुमारे १,५०० लघुव्यावसायिकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला हिशेब, विपणन आणि आर्थिक नियोजनाचे रूढ प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्या गटाला स्वतःहून पुढाकार घेणे, संधी शोधणे आणि अडचणीतही टिकून राहणे यांचे शिक्षण मिळाले. तिसऱ्या गटाला काहीच मिळाले नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढाकाराचे शिक्षण घेतलेल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. रूढ प्रशिक्षण घेतलेल्यांची वाढ ११ टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. यावरून हिशेब शिकवणे निरर्थक आहे असा अर्थ काढणे घाईचे होईल. हिशेबाचा उपयोग कशासाठी करायचा याची ओढ निर्माण झाली नाही, तर वही कोरी राहते, एवढे यावरून म्हणता येते. आणि हेही विसरता येत नाही की, टोगोतील हे सर्व लोक आपापल्या लहानशा व्यवसायाचे स्वतः मालक होते.

म्हसवडचा अनुभव

निर्णयाची संधी मिळाल्यावर माणूस किती वेगाने वाढतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवड येथील महिलांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने सहकारी बँक काढण्यासाठी अर्ज केला. प्रवर्तक महिलांपैकी अनेकजणी निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. महिलांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि त्यांनी आव्हान दिले : कोणत्याही रकमेवरील व्याज आम्हाला तोंडी काढायला सांगा, आणि तेच तुमच्या अधिकाऱ्यांनाही गणकयंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००६ मध्ये याच परिसरात ग्रामीण महिलांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळाही निघाली.

या घटनेचे वर्णन नेहमी जिद्दीची कथा म्हणून केले जाते. अभ्यासकाने तिच्यातील क्रमाकडे पाहावे. व्याजाचा तोंडी हिशेब या महिलांना साक्षरतेच्या वर्गाने शिकवला नव्हता. सावकाराशी आणि आठवडी बाजाराशी झालेल्या रोजच्या व्यवहारातून तो त्यांच्याजवळ आधीच होता. वर्गाने त्यांना अधिकाऱ्यासमोर उभे राहून तो मांडण्याचे बळ दिले. बँक नाकारली गेली नसती, तर कदाचित ते बळ इतक्या लवकर आलेही नसते. आपल्याजवळ असलेल्या ज्ञानाला स्वतः मान देणे आणि मग ते दुसऱ्याला मान्य करायला लावणे, ही व्यक्तिविकासाची एक ठोस व्याख्या म्हणून चालेल.

बनारसच्या विणकराजवळ असे कितीतरी अघोषित ज्ञान आहे. रेशमाचा पीळ बोटांनी ओळखणे, कोणत्या हवेत ताणा तुटेल याचा अंदाज, नक्षाबंदाने बांधलेल्या नक्षीतील चूक कापड विणण्यापूर्वीच हेरणे, हे सर्व त्याला येते. पण पेढीवर उभे राहून ‘या किमतीला ही साडी मी देणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्य या ज्ञानातून आपोआप निर्माण होत नाही. त्यासाठी घरात पुढच्या पंधरा दिवसांचे धान्य असावे लागते. धैर्य हा केवळ स्वभावगुण समजणाऱ्यांनी या धान्याकडे दुर्लक्ष करू नये.

शब्द, खूण आणि पत

व्यवसायाच्या नेतृत्वात चारित्र्याचा भाग किती, हा प्रश्न नीतिशास्त्राचा वाटला तरी बनारसमध्ये तो थेट बाजारभावाशी जोडलेला आहे. २००१ साली भारताने आयातीवरील उरलेली संख्यात्मक बंधने उठवली. त्यानंतर चिनी रेशीम व रेशमी कापड यांची स्पर्धा तीव्र झाली. त्याहून जवळची स्पर्धा यंत्रमागाची होती. बनारसी नक्षीची नक्कल सुरतेत आणि खुद्द वाराणसीतही यंत्रमागावर होऊ लागली, आणि अशा साड्या हातमागाच्या म्हणून विकल्या जाऊ लागल्या. ग्राहकाला फरक ओळखता येत नाही. अशा स्थितीत काय होते हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने दाखवले होते. मालाची खरी प्रत फक्त विक्रेत्यालाच माहीत असेल, तर ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला उत्तम माल परवडत नाही आणि तो बाजारातून बाहेर पडतो. अनेक महिने खपून विणलेली कढुआ साडी नेमकी याच कचाट्यात सापडली.

यावर उपाय म्हणून खुणा आल्या. २००४ मध्ये रेशीम चिन्ह, २००६ मध्ये हातमाग चिन्ह, २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक आणि २०१५ मध्ये भारतीय हातमाग ब्रँड. भौगोलिक निर्देशांकासाठी वाराणसीतील ह्यूमन वेल्फेअर असोसिएशन या संस्थेने इतर संघटनांना सोबत घेऊन पाठपुरावा केला. तिचे संस्थापक डॉ. रजनीकांत यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु प्रत्येक खूण शेवटी ती लावणाऱ्या माणसावर अवलंबून असते. एका गिरहस्ताने दहा हातमाग साड्यांबरोबर दोन यंत्रमागाच्या साड्या त्याच चिन्हाखाली विकल्या, तर त्याला त्या दोन साड्यांवर चांगला नफा होतो. नुकसान मात्र सहा जिल्ह्यांतील सर्व विणकरांमध्ये वाटले जाते. त्यामुळे येथे प्रामाणिकपणा ही सामाईक मालमत्ता ठरते, आणि तिचे राखण कायद्याने अंशतःच होते. बाकीचे राखण असा गिरहस्त करतो, जो शेजाऱ्याच्या गिरहस्तालाही चार लोकांसमोर जाब विचारू शकतो. विणकरांच्या बिरादरीत सरदार आणि महतो यांची जुनी पंचायत परंपरा आहे. तिचा उपयोग घरगुती आणि सामाजिक तंट्यांसाठी होतो. मालाच्या प्रतीचा प्रश्न तिच्यासमोर नेण्याची कल्पना अवास्तव म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

अध्यक्ष कोण आणि सभासद कोण

सहकारी संस्था हा विणकराला निर्णयात भागीदार करण्याचा जुना मार्ग. उत्तर प्रदेशातील अनेक विणकर सहकारी संस्था मात्र कागदावरच राहिल्या. नाव संस्थेचे आणि ताबा एखाद्या मोठ्या गिरहस्ताचा, असे चित्र अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. २००२ च्या कायदादुरुस्तीने उत्पादक कंपनीचा पर्याय उपलब्ध करून दिला आणि हातमाग क्षेत्रातही अशा कंपन्या निघाल्या. रचना बदलली तरी संचालकाच्या खुर्चीवर बसणारा विणकर ताळेबंद वाचू शकत नसेल आणि सभेत प्रश्न विचारण्यास कचरत असेल, तर नव्या रचनेचेही जुनेच होईल. येवल्याच्या पैठणीचा अनुभव या ठिकाणी तुलनेसाठी घेता येतो. तेथे अनेक विणकर कुटुंबे घराच्या पुढील भागातच ग्राहकाला साडी दाखवतात आणि विकतात. मागणी, तक्रार, रंगाची निवड आणि किंमत या चारही गोष्टी कुटुंबाच्या कानावर थेट येतात. येवल्याचा पसारा बनारसच्या मानाने फार लहान आहे, ही गोष्ट तुलना करताना लक्षात ठेवावी लागते; पण ग्राहकाच्या समोर बसण्याचे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही.

काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वर या राजधानीत हातमागाचा व्यवसाय त्यांच्याच आश्रयाने वाढला होता. विसाव्या शतकात तो क्षीण झाल्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे रेहवा सोसायटी स्थापन झाली आणि प्रामुख्याने स्त्रिया मागावर बसू लागल्या. पुढे महेश्वरमध्येच विणकर कुटुंबांतील तरुणांसाठी हातमाग शाळा सुरू झाली. विणकाम तर त्यांना येतच असते. शाळेत नक्षीची रचना, किंमत ठरवणे, ग्राहकाशी संवाद साधणे आणि मागणी वेळेत पुरी करणे यांवर भर दिला जातो. गुजरातमध्ये कच्छच्या कारागिरांसाठी २००५ मध्ये सुरू झालेले कला रक्षा विद्यालय आणि २०१४ मधील सोमैया कला विद्या यांनीही हाच मार्ग धरला. या संस्थांची एक मर्यादा आहे. त्यांतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या मोठी नाही, आणि घरी परतलेल्या तरुणाला वडिलांनी व्यवहाराचा एक तरी भाग सोपवला नाही, तर काकिनाड्याचाच अनुभव पुन्हा येतो.

म्हणून गिरहस्ताचा स्वतःचा विकास हा या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणावा लागेल. कारागिराला एखादी नक्षी स्वतः निवडू देणे, त्या साडीचा भाव ठरवताना त्याला पेढीवर सोबत नेणे, खोट आली तर ती वाटून घेणे आणि कपात केल्यास तिचे कारण वहीत लिहून त्याला वाचून दाखवणे, या साध्या गोष्टी आहेत. त्या करणाऱ्या गिरहस्ताचा दरारा कमी होतो. माल मात्र सुधारतो आणि चांगला कारागीर सुरतेला किंवा बंगळुरूला निघून जाण्यापूर्वी दोनदा विचार करतो. ज्याला आपल्या हाताखालच्या माणसाची वाढ ही आपली हार वाटते, तो दहा मागांच्या पुढे सहसा जात नाही.

कांडी भरणारे हात

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात ३५.२२ लाख विणकर आणि पूरक कामगार होते. त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. बनारसमध्ये मागावर प्रामुख्याने पुरुष बसतो. स्त्रिया रेशीम उकलतात, कांड्या भरतात, तयार साडीचे सुटे धागे कापतात. हे काम घरातच होते आणि बहुधा त्याची वेगळी मजुरी नसते. वर मांडलेल्या हिशेबातील १२ दिवस त्यांचेच आहेत. ओळखपत्र, सवलतीच्या ६ टक्के व्याजदराचे मुद्रा कर्ज, प्रशिक्षणाची जागा या बाबी मागावर बसणाऱ्याच्या नावाने मागितल्या जातात. घरखर्चाची उधारी कोणाकडून किती घेतली आहे, कोणत्या व्यापाऱ्याचा धनादेश परत आला होता, गेल्या वर्षी कपातीपोटी किती रुपये गेले, हे मात्र अनेकदा त्या स्त्रीला अधिक नेमके सांगता येते. वाराणसीतील प्रशिक्षण वर्गांमध्ये हिशेबाचा पहिला तास घ्यायचा असेल, तर तो पतिपत्नींना एकत्र बसवून, विणकर वस्तीतच आणि दुपारच्या जेवणानंतर घेणे सोयीचे होईल. त्या वेळी माग थांबलेला असतो आणि मागील आठवड्याच्या कांड्यांची मोजणी अजून ताजी असते.